घामाची लाज आणि विषाचे औषध

शिक्षकी पेशात पंचविसाहून अधिक वर्षे घालविल्यावर आपल्या हातून घडलेल्या चुकांची आठवण अधिक होऊ लागते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याची वही नेहमी सुरकुतलेली आणि ओलसर असे. शाई फुटून अक्षरे एकमेकांत मिसळून जात. मी पानापानाखाली तांबड्या शाईने 'अस्वच्छ लेखन' असा शेरा मारून गुण कापीत असे. पुढे एका परीक्षेत तो मनगटाखाली हातरुमाल ठेवून लिहीत असल्याचे दिसले. मला संशय आला व मी तो रुमाल उचलला. त्यावर उत्तरे लिहिलेली नव्हती. तो पिळून काढण्याइतका भिजला होता. मुलाने मान खाली घातली. खरे पाहता ती मी घालावयास हवी होती.

त्यानंतर या विषयासंबंधी जे वाचले व डॉक्टरांकडून समजून घेतले, ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे. कारण लाजेपायी हे दुखणे घरोघरी झाकून ठेवले जाते.

घाम येणे हा दोष नव्हे. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, आणि हमसीनच्या दिवसांत त्याच आपल्याला तारतात. परंतु काही जणांच्या तळहातांना, तळपायांना किंवा काखांना थंडीच्या दिवसांतही, स्वस्थ बसल्या जागी, गरजेच्या कितीतरी पट घाम सुटतो. याला वैद्यकात हायपरहायड्रोसिस म्हणतात. हा विकार बहुधा बालपणी वा तारुण्यात सुरू होतो, दोन्ही अंगांना सारखाच असतो, पुष्कळदा एकाच घराण्यात आढळतो आणि झोपेत थांबतो. ग्रंथी निरोगीच असतात. त्यांना हुकूम सोडणारे मज्जातंतू मात्र अतिउत्साही असतात. त्यामुळे साबण आणि उपदेश या दोहोंचाही येथे उपयोग नाही. तेल हाशोमेर येथील शल्यविशारदांनी १९७७ साली शंभर रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात इस्राएलमधील तरुणांपैकी ०.६ ते १ टक्का लोकांना तळहातांचा हा त्रास असल्याचे नमूद आहे. म्हणजे सुमारे शंभर ते एकशेसत्तर मुलांमागे एक; शाळेच्या हिशेबात हे प्रमाण लहान नव्हे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रौढ वयात एकाएकी घाम वाढला, रात्री अंथरूण भिजू लागले, सोबत ताप आला किंवा वजन घटले, तर त्यामागे थायरॉइड, क्षय, अन्य एखादा रोग किंवा चालू असलेले औषधही असू शकते. अशा वेळी प्रथम मूळ कारणाचा शोध घ्यावा.

आता इंजेक्शनांविषयी. त्यांत वापरले जाणारे द्रव्य म्हणजे जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक, बोट्युलिनम. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गचे डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० व १८२२ साली नासलेल्या सॉसेजांमुळे होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले. रोग्यांचे स्नायू लुळे पडतात, तसेच तोंड, डोळे आणि त्वचाही कोरडी पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. हेच विष अत्यल्प मात्रेत दिल्यास औषध ठरेल, असा तर्कही त्यांनी मांडला. बेल्जियममधील एलझेल गावी १८९५ साली खराब मांस खाऊन काही वादक आजारी पडले व तिघे दगावले. तेव्हा प्राध्यापक व्हान एर्मेनगेम यांनी त्यामागील जंतू शोधून काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष औषध म्हणून वापरले, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चेहऱ्याच्या झटक्यांवर ही इंजेक्शने घेतलेल्यांना त्या जागी घाम येत नाही, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणातून पुढे आले. काखेतील तीव्र घामासाठी अमेरिकेची मान्यता २००४ साली मिळाली. केर्नर यांचा तर्क खरा ठरण्यास जवळजवळ दोन शतके लागली!

उपचार तसा साधा आहे. काखेस आयोडिन लावून वाळू देतात व वर पिष्टाची पूड भुरभुरतात. जेथे घाम येतो तेथे काळसर-जांभळा रंग उमटतो. मग त्या क्षेत्रात बारीक सुईने दहा-पंधरा ठिकाणी, त्वचेतच, एका काखेत सर्व मिळून ५० युनिट औषध टोचतात. मज्जातंतूच्या टोकाकडून ग्रंथीपर्यंत निरोप नेणारे असिटिलकोलिन नावाचे रसायन त्यामुळे बाहेर पडत नाही, आणि ग्रंथी स्वस्थ राहते. सुमारे आठवड्याभरात फरक दिसतो व तो बहुधा सहा-सात महिने टिकतो. पुढे मज्जातंतू पूर्ववत काम करू लागतात, म्हणून उपचार पुन्हा करावा लागतो. घाम अडल्याने शरीर तापेल ही भीती नको. उरलेल्या लक्षावधी ग्रंथी आपले काम करीतच असतात.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. तळहातावर ही इंजेक्शने फार दुखतात आणि काही आठवडे बोटांची पकड सैल पडू शकते. अठरा वर्षांखालील मुलांच्या घामासाठी ती सुरक्षित व गुणकारी असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. गरोदर स्त्रियांनी आणि स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. प्रारंभ ॲल्युमिनियम क्लोराइडच्या लेपाने करावा. हातापायांसाठी साध्या पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचारही आहे. मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण तिच्यानंतर पाठीला व पोटाला घाम वाढल्याची तक्रार पुष्कळ जण करतात. खर्चाचा भार कोण उचलणार, हे आपल्या कुपात खोलीमकडे आधीच विचारून घ्यावे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला शाळकरी वयात पाण्यातील वीजप्रवाहाचा उपचार मिळाला. काखांची इंजेक्शने त्याने सैन्यातून सुटल्यावर घेतली. गेल्या वर्षी एका लग्नात तो भेटला आणि आपण होऊन त्याने हात पुढे केला. हात किंचित ओलसरच होता. पण त्याने तो मागे घेतला नाही. "मोरा, आता वही कोरडी असते," एवढेच तो हसून म्हणाला. मला मात्र तांबड्या शाईचे ते शेरे आठवले. आपल्या घरी वा वर्गात एखादे मूल हात खिशात लपवीत असेल, तर आईबापांनी आणि शिक्षकांनी रागावण्यापूर्वी त्याला एकांतात, प्रेमाने कारण विचारावे, आणि डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावे.