पहिलवानाचें मन कोणीं ऐकावें?

चैत्र लागला कीं आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांत गांवोगांवच्या यात्रा सुरू होतात, आणि पालखीइतकीच गर्दी कुस्त्यांच्या आखाड्याभोंवतीं होते. आधीं लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या, आणि दिवस कलतां कलतां मोठ्या इनामाची शेवटची जोड. ज्याची पाठ लागते तो माती झटकून गर्दींत नाहींसा होतो. त्याच्या मनाची विचारपूस कोण करतो? अशीं पोरें दुसऱ्या दिवशीं वर्गांत मान खालीं घालून बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि त्यांस गणितच विचारलें.

तालमींत मारुतिराय आहेत, वस्ताद आहे. वस्ताद डाव शिकवितो, खुराक ठरवितो, प्रसंगीं बापाच्या मायेनें पाठीवरून हात फिरवितो. परंतु जोड ठरविण्यांतहि बहुधा त्याचाच शब्द. खांदा दुखतो, भीति वाटते, घरीं कर्ज झालें आहे, हें पुढची कुस्ती ज्याच्या हातीं त्याच्यापाशीं पोर कसें बोलणार?

इंग्लंडांत यासाठीं ‘चॅप्लेन’, म्हणजे संघाचा धर्मोपदेशक, असतो. वॉटफर्ड फुटबॉल क्लबाकडे १९७७ सालीं जॉन बॉयर्स हे बॅप्टिस्ट पाद्री जाऊं लागले. पुढें १९९१ सालीं त्यांच्याच पुढाकारानें अशा उपदेशकांची संस्था निघाली. खेळाडूंची निवड चॅप्लेनकडे नसते, म्हणूनच त्याच्यापाशीं मन मोकळें होतें. ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामांतहि निरनिराळ्या धर्मांचे उपदेशक खेळाडूंच्या भेटीस असतात.

मात्र एकांतांत ऐकणाऱ्यावरहि नजर हवी. भगवी छाटी, पाद्र्याचा झगा किंवा वस्तादाचा फेटा हें कांहीं चारित्र्याचें प्रमाणपत्र नव्हे. आतां आपल्या घरच्या मुलीहि कुस्ती-कबड्डीस जातात. जानेवारी २०२३ मध्यें नामांकित महिला मल्लांना लैंगिक छळाची दाद मागण्यासाठीं दिल्लीस जंतरमंतरवर बसावें लागलें. वास्तविक अशा छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानें क्रीडासंस्था व क्रीडांगणेंहि कामाचीं ठिकाणें मानिलीं आहेत; आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें बालकावरील अत्याचार ठाऊक असून न कळविणें हा गुन्हा आहे. तेथें ‘विश्वासानें सांगितलें होतें’ ही सबब चालत नाहीं.

आमच्या तालमींनीं पगारी चॅप्लेन आणावा असें आमचें म्हणणें नाहीं. गांवांतील एखादा समंजस गृहस्थ किंवा बाई नेमावी. जोडी ठरविण्यांत त्यांचा हात नसावा, बोलणें उघड्या दाराआड व्हावें, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करावयाची तें, १०९८ या बालमदतीच्या क्रमांकासह, मारुतीच्या तसबिरीखालीं लिहून ठेवावें. निवृत्त मास्तर या कामास पुष्कळ मिळतील. त्यांनीं गणित विचारूं नये म्हणजे झालें.