विहीर भरते कुठल्या वाटेने?

पाणी आणि आरोग्य : लेखांक ६

मागच्या आठवड्यात घरातल्या साठवणीच्या पाण्याबद्दल आपण पाहिलं. आज परसात, विहिरीवर जाऊ.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्या टँकरची वाट बघत असतात. याचं एक मोठं कारण म्हणजे जांभा. हा दगड सच्छिद्र आणि भेगाळ. पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही. ते झरझर खाली उतरतं आणि उताराने पऱ्याला किंवा खाडीला मिळतं. मृगात विहिरी भराभर भरतात त्याही याच भेगांमुळे. आणि शौचालयाच्या खड्ड्यातलं पाणी विहिरीत पोचतं तेही इथूनच.

मातीच्या जाड थरातून पाणी सावकाश झिरपलं तर बरेचसे जंतू वाटेतच अडकतात आणि मरतात. कातळाच्या भेगेतून धावणाऱ्या पाण्याला तेवढी उसंत नसते. त्यामुळे विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर ठेवण्याचा नेहमीचा नियम सड्यावर पुरेल याची खात्री नाही. अंतराइतकाच उतारही बघावा लागतो. आपली घरं डोंगरउतारावर आणि विहिरी बहुधा खालच्या अंगाला. वरच्या घराचा खड्डा आणि खालच्या घराची विहीर, अशी जोडी आपल्याकडे सहज जुळते.

अशाच एका जोडीने १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर शेकडो माणसं कॉलऱ्याने मारली. डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या हातपंपावर बोट ठेवलं. पुढल्या वर्षी खोदून पाहिलं, तेव्हा विहिरीपासून जेमतेम ३ फुटांवर एका घराचा मैलाखड्डा निघाला. त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. त्या घरातल्या आजारी तान्ह्या बाळाची दुपटी धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात ओतलं जात होतं.

गॅस्ट्रो, विषमज्वर आणि कावीळ याच वाटेने येतात. कावीळ 'ई' प्रकारची असेल तर गरोदर बाईच्या, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकते. पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं, तरी त्यात यातलं काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

उपाय गावाला ठाऊक आहे : टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चुकतं ते मापात आणि पद्धतीत. साधारण १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर पाणी भरतं सुमारे २८,००० लिटर. म्हणजे पावडर ७० ग्रॅम. ती कोरडी भिरकावू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावं आणि ५ ते १० मिनिटं निवळू द्यावं. चुना तळाशी बसतो. तो टाकून द्यायचा, विहिरीत जाऊ द्यायचा नाही. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्याखाली सोडायची आणि दोर वरखाली, आडवातिडवा हिसडत पाणी चांगलं घुसळायचं. त्यानंतर किमान तासभर पाणी काढायचं नाही. म्हणून हे काम रात्री, दिवसभराचा उपसा संपल्यावर केलेलं बरं. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर मात्रा कमी पडली किंवा पावडर मेली. आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीतली टीसीएल लवकर निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. घरात काविळीचा रुग्ण असेल, तर एवढ्यावर न थांबता पाणी खळखळून उकळूनच प्यावं.

सार्वजनिक विहिरींसाठी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. परसातल्या खाजगी विहिरीचा जलसुरक्षक मात्र घरमालकच. तेव्हा आगोटीच्या कामांत लाकडं, सुकी मासळी यांच्याबरोबर टीसीएलचा डबाही धरा. आणि वरच्या अंगाच्या शेजाऱ्याशी त्याच्या खड्ड्याबद्दल पाऊस लागण्याआधीच बोलून घ्या. ती विहीर तुमची असली, तरी तिचं पाणी त्याच्या आवारातून येतं.

(पुढील आठवड्यात : दोन शोषखड्ड्यांचं शौचालय कातळावर कसं बांधावं?)