सभेत बोलण्याचे शिक्षण

नोकरीच्या पहिल्या वर्षात तरुणाची कसोटी कामापेक्षा माणसांशी वागण्यात अधिक लागते. ऐकणे, शंका विचारणे, मतभेद सभ्यपणे मांडणे आणि चूक वेळीच कळवणे, या शिकून येणाऱ्या सवयींना सामाजिक कौशल्ये म्हणतात. कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्याला या विषयाची स्वतःची परंपरा आहे. येथील नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 मध्ये सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकीत 'दासबोधा'चे निरूपण, म्हणजे अर्थ उलगडून सांगणे, चालते. या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकातील, म्हणजे विभागातील, 'उत्तम लक्षण' हा समास, म्हणजे प्रकरण, व्यवहाराच्या सूचनांनी भरलेला असून वाट विचारल्याशिवाय जाऊ नये, सभेत लाजू नये, पण बाष्कळ बडबडही करू नये, असे ग्रंथकर्ते रामदास त्यात सांगतात. बोलणे आणि आवरणे ही दोन्ही अंगे एकत्र सांगणारी ही दृष्टी आजच्या मुलाखतीच्या शिकवण्यांहून सखोल आहे, कारण तेथे बहुधा केवळ बोलण्याचाच सराव होतो.

मात्र निरूपणाच्या श्रवणाने शिस्त आली तरी प्रश्न विचारण्याचे धैर्य आपोआप येत नाही, आणि रेवदंड्यासमोरच्या साळावचा लोह कारखाना असो वा थळचा खत कारखाना, यंत्रातील बिघाड दिसूनही वरिष्ठांच्या भिडेने गप्प राहणारा नवखा कामगार स्वतःसह इतरांचाही जीव धोक्यात घालतो. म्हणून महाविद्यालयांनी वरिष्ठाला नम्रपणे, पण स्पष्टपणे अडवण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घ्यायला हवा.