आठ कोरड्या महिन्यांची बाग

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात वर्षाला सरासरी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या गावात पाणी वाचवणाऱ्या बागेची गरजच काय, हा सर्वांत मोठा गैरसमज. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि नंतरचे आठ महिने जमीन कोरडी राहते. भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सोसायटीच्या सामायिक बागेचा आराखडा या आठ महिन्यांकडे पाहूनच करावा लागतो.

गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत साठवले की उन्हाळा निघतो, असे अनेक समित्या गृहीत धरतात. हिशेब वेगळे सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्यामुळे ३०० चौरस मीटर गच्चीवर वर्षात सुमारे साडेसात लाख लिटर पाणी पडते. पाण्याला तोटा नाही, तोटा जागेचा. १०० चौरस मीटर बागेला रोज ४०० लिटर धरले तर दहा हजार लिटरची टाकी पंचवीस दिवसांत रिकामी होते. आठ महिन्यांना जवळपास एक लाख लिटर लागतात. म्हणून टाकी छोटी ठेवून उरलेले पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात जिरवणे शहाणपणाचे. पण खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतच साठते, त्यामुळे प्रत्येक बोअरला पाणी लागेलच असे नाही, आणि खाडीलगत ते खारट निघू शकते.

सर्वांत मोठी आणि फुकटची टाकी म्हणजे माती, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. नव्या इमारतींच्या आवारात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा यांची भरणी असते. वर चार इंच लाल माती पसरली की बाग तयार झाली, असे मानले जाते. अशा भरणीत पाणी टिकत नाही. राडारोडा उपसून फूटभर खोलीपर्यंत कंपोस्ट मिसळले, तर तीच जमीन ओल धरू लागते. ओलीचे मोल ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला जुने ठाऊक आहे: भातकापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो, पाणी न देता. सोसायटीच्या वाफ्यातही पावसाळ्यात दोडका, पडवळ, भेंडी आणि त्यामागून वाल किंवा चवळी, असा क्रम ठेवता येतो. मे महिन्यात पालक पिकवण्याचा हट्ट मात्र महागात पडतो.

ही ओल टिकवते आच्छादन. वाळलेला पाला हा कचरा समजून गोळा केला जातो, कुठे कुठे जाळलाही जातो. तोच पाला सप्टेंबरअखेर, माती ओली असतानाच, तीन-चार इंच जाडीने पसरावा. कोरड्या जमिनीवर पसरला तर आच्छादनाचा अर्धा उपयोग गेला. भर पावसात मात्र तो खोडापासून दूर ठेवावा, नाहीतर खोड कुजते आणि गोगलगायींची चंगळ होते.

दुपारी पाने मलूल झाली की झाड तहानले, हाही घाईचा निष्कर्ष. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर पाण्याची गरज नाही. बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाइप बंद. रोज थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. दोन-तीन दिवसांआड, पण खोल मुरेल असे दिलेले पाणी त्यांना खाली नेते.

हिरवळ नसेल तर ती बाग कसली, हा आग्रह सर्वांत खर्चिक आहे. हिरवळीची मुळे उथळ असतात आणि उन्हाळ्यात तिला सतत पाणी लागते. कोरांटी, अडुळसा, निर्गुडी, करवंद, बहावा ही मंडळी एकदा रुजली की थोड्यावर भागवतात. याचा अर्थ देशी झाडांना पाणी लागतच नाही असा नव्हे. डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर निसर्गप्रेमी नागरिकांनी लावलेल्या रोपांनाही उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाला हात द्यावाच लागतो.

आरओचे वाया जाणारे पाणी झाडांना मारते, हे सरसकट खरे नाही. पालिकेच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे त्याचे टाकाऊ पाणी बहुतेक झाडांना चालते. बोअरच्या जड पाण्यावर आरओ चालत असेल, तर ते टाळावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी उत्तम, कपड्यांचे साबणाचे नको. पिंप झाकलेले असावे; आठ-दहा दिवस उघड्यावर साचलेल्या पाण्यात डासांची एक पिढी तयार होते.

ठिबक फक्त शेतासाठी असते, हाही समज टिकत नाही. दहा मीटर उंचीमागे सुमारे एक किलो दाब मिळतो, म्हणजे पाच मजली इमारतीच्या टाकीवर पंपाशिवाय ठिबक चालते. अर्ध्या इंची पाइपने माळीबुवा मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सोडतात. साधा ड्रिपर तासाला दोन ते चार लिटर देतो. बागेच्या नळाला वेगळे मीटर बसवावे. खर्च किरकोळ आहे आणि पाणी कुठे जाते हे पहिल्याच महिन्यात कळते.