ताईचं गणिताचं पुस्तक चालेल?

पुस्तक बदललं की वर्गात हमखास विचारणा होते, “गुरुजी, ताईचं जुनं चालेल?” आता गंमत पाहा. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन येतात, मग साठ. लिहायचे मात्र आधी सहा! म्हणून कितीतरी जण ३६ लिहून मोकळे होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन आलं नि केवढा गदारोळ झाला! खरं तर डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीनं ‘त्रेसष्ट’ही ठेवलं होतंच. तेव्हा शाळेत नवंच पुस्तक न्या. ताईचं मात्र रद्दीत घालू नका, सरावाला उदाहरणं मिळतील. बाजारात भाजीवाल्या मावशी ‘त्रेसष्ट’च म्हणणार! आणि पालकहो, मुलानं ३६ लिहिलं तर रागावण्याआधी ‘साठ तीन’ म्हणून बघा.