चूक केव्हा दाखवावी?
उत्तर बरोबर की चूक, हे विद्यार्थ्याला कळवणे म्हणजे प्रत्याभरण. ते तत्काळ मिळावे, असा आग्रह अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात आपल्या अध्यापन-यंत्रातून धरला आणि शिक्षकांनाही तो सहज पटला. परंतु टेक्सासमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गृहपाठाचे प्रत्याभरण मुदत संपताच न देता आठवड्याने दिले, तेव्हा त्याच संकल्पनांवरील परीक्षेतले नवे प्रश्न विद्यार्थ्यांनी अधिक चांगले सोडवले. लक्षणीय बाब अशी की, आपल्याला तत्काळ प्रत्याभरणाचाच जास्त लाभ झाला, असे त्यांना वाटत होते. विलंबामुळे त्याच मजकुराची काही काळाने पुन्हा उजळणी होते आणि अशी अंतरा-अंतराने केलेली उजळणी स्मृती दृढ करते; शिवाय तोवर चुकीच्या उत्तराचा ठसा पुसट झालेला असल्याने बरोबर उत्तराला त्याचा अडथळा कमी होतो, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र जेम्स आणि चेन-लिन कुलिक यांनी १९८८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रत्यक्ष वर्गातील चाचण्यांत तत्काळ प्रत्याभरणच बहुधा सरस ठरलेले आढळले, आणि त्यात नवल नाही, कारण तपासलेली वही उशिरा हाती आली की विद्यार्थी पुष्कळदा केवळ गुण पाहून ती मिटतो, आणि न वाचलेल्या शेऱ्याचा विलंब कोणत्याही स्मृतीला उपयोगी पडत नाही.