निर्णय मंत्रिमंडळाचा: दिल्लीतल्या एका कार्यपद्धतीची ओळख

‘केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी’ हे शब्द वर्तमानपत्रात वारंवार दिसतात. ती मंजुरी ज्या कागदावर मिळते तो मात्र सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. दिल्लीच्या सरकारी बोलीत त्याला ‘कॅबिनेट नोट’ म्हणतात. माथ्यावर ‘गुप्त’ असा शेरा; खाली प्रस्तावाची पार्श्वभूमी, त्यामागची कारणे, खर्चाचा आकडा, अंमलबजावणीचे वेळापत्रक. खरा जीव आहे तो इतर मंत्रालयांच्या अभिप्रायांत. अर्थ मंत्रालय पैसा कुठून येणार ते विचारते, विधी मंत्रालय कायद्यातल्या अडचणी दाखवते. प्रस्ताव मांडणाऱ्या मंत्रालयाला या आक्षेपांची उत्तरे त्याच नोटमध्ये द्यावी लागतात. म्हणजे निर्णयाच्या बाजूचे आणि विरुद्धचे म्हणणे एकाच वेळी मंत्र्यांच्या हाती पडते.

राज्यघटनेने केंद्राचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींकडे दिला आहे. पण कलम 74 प्रमाणे राष्ट्रपतींना पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालील मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच वागावे लागते. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर त्यांना तो सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो; तोच सल्ला पुन्हा आला, तर मानावा लागतो. कलम 75 ने ही मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार धरली आहे. तिच्या आकारालाही 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने लगाम घातला: पंतप्रधान धरून लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत. 543 सदस्यांच्या सभागृहात ही मर्यादा 81 वर येते. राज्यमंत्री या परिषदेत असतात, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीला बोलावल्याशिवाय बसत नाहीत. बैठक कॅबिनेट दर्जाच्या मंत्र्यांची.

रोजचा कारभार चालतो तो 1961 च्या दोन नियमावल्यांवर. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाचा, हे एक नियमावली ठरवते. कोणता निर्णय कुणी, कुणाला विचारून घ्यायचा, हे दुसरी, म्हणजे कामकाज नियमावली, सांगते. कायद्याची विधेयके, आणीबाणीची उद्घोषणा, मंत्र्यांमधले न मिटलेले मतभेद अशी प्रकरणे मंत्रिमंडळापुढे यावीत, असे तिच्या परिशिष्टात नोंदले आहे. या साऱ्यावर देखरेख मंत्रिमंडळ सचिवालयाची. मंत्रालयांत एकमत होत नसेल, तर मंत्रिमंडळ सचिव संबंधित सचिवांना समितीत एकत्र बसवतात. बैठकीचे इतिवृत्तही त्यांच्याच देखरेखीखाली तयार होते.

सगळेच विषय पूर्ण मंत्रिमंडळापुढे येत नाहीत. सुरक्षा, आर्थिक व्यवहार, वरिष्ठ नेमणुका यांसाठी मंत्रिमंडळाच्या समित्या आहेत. काम वेगाने व्हावे म्हणून त्या हव्यातच. पण त्यांतला धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर ओळखला होता. 1951 मध्ये कायदामंत्रिपद सोडताना दिलेल्या निवेदनात त्यांची एक तक्रार अशी होती, की निर्णय समित्यांतच ठरतात आणि मंत्रिमंडळाकडे केवळ नोंद करण्याचे काम उरते. परराष्ट्र आणि संरक्षण या महत्त्वाच्या समित्यांवर त्यांना घेतलेच नव्हते. परिणामांची जबाबदारी मात्र सर्वांबरोबर त्यांच्यावरही होती.

पाच वर्षांनी हाच मुद्दा चिंतामणराव देशमुखांनी लोकसभेत मांडला. कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले हे अर्थमंत्री मुंबईच्या प्रश्नावर बाहेर पडले. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होताच जाहीर झाला, असा त्यांचा थेट आरोप होता. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हा राजीनामा अभिमानाने सांगितला जातो. त्यामागचा कार्यपद्धतीचा आग्रहही तितक्याच अभिमानाने सांगायला हवा.

कामकाज नियमावलीतला नियम 12 या संदर्भात मुळातून पाहण्यासारखा आहे. आवश्यक वाटेल तेथे नियमांपासून फारकत घेण्यास पंतप्रधान परवानगी देऊ शकतात, असे तो सांगतो. 25 जून 1975 च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात याच नियमाचा आधार होता. आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्रीच झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणूनच 44 व्या दुरुस्तीने अट घातली, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. नियम 12 मात्र कायम राहिला. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाखाली. त्याच सकाळी राजभवनात शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची मंजुरी कार्योत्तर मिळाली.

युद्ध, भूकंप, महापूर अशा प्रसंगी पंतप्रधानांना बैठकीची वाट पाहता येणार नाही, हे मान्य. पण राजकीय निकड ही अशी आपत्ती नव्हे. नियम 12 वापरला, तर त्याची कारणे लेखी नोंदवून ती संसदेपुढे ठराविक मुदतीत ठेवणे बंधनकारक करावे. माहिती अधिकार कायद्यातही तत्त्व हेच आहे: निर्णय होऊन प्रकरण पूर्ण झाले, की मंत्रिमंडळाचा निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत सामग्री, कायद्यातले अन्य अपवाद वगळता, जनतेसमोर यावी. कार्योत्तर मंजुरीत मंत्र्यांची सही मिळते. त्यांचे मत विचारात घेण्याची वेळ मात्र निघून गेलेली असते. निर्णयाची जबाबदारी सर्वांची असेल, तर तो होण्याआधी बोलण्याची संधीही सर्वांना मिळाली पाहिजे.